कंपाची तहकिकात

मोटारगाडीच्या इतिहासावर जे ग्रंथ लिहिले जातात त्यांत इंजिनांची वर्णने, शर्यतींचे वृत्तांत आणि कारखानदारांची चरित्रे विपुल आढळतात. परंतु धावती गाडी बिघडली असता त्या बिघाडाचे मूळ हुडकून काढण्याची जी एक स्वतंत्र विद्या गेल्या शतकभरात उदयास आली, तिचा वृत्तांत लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. या विद्येतही कंपाचे प्रकरण सर्वांत बिकट. फुटलेली नळी गळते, तुटलेला पाटा दिसतो, जळालेली तार वासावरून सापडते. कंपाचे तसे नाही. तो उपजतो एका ठिकाणी आणि जाणवतो भलत्याच ठिकाणी. मागच्या चाकात जन्मलेला कंप चालकाच्या आसनाखाली प्रकट होतो, शाफ्टात जन्मलेला कंप आरशातील प्रतिबिंब पुसट करून सोडतो, आणि तपासणीसाठी गाडी उभी करावी तो आरोपी फरार झालेला असतो. कारण जे फिरते त्याच्याच आश्रयाने तो राहतो, आणि उभ्या गाडीत इंजिनावाचून फिरते असे काही उरत नाही.

ही तहकिकात कोणत्याही गाडीत कष्टाचीच. पण पिकअपमध्ये ती अधिक गुंतागुंतीची होते, आणि म्हणून या विद्येचा माग पिकअपच्या निमित्ताने काढणे सोयीचे. अमेरिकेतील शेतकरी आपल्या मोटारीचा मागचा भाग काढून तेथे घरीच केलेला लाकडी हौदा बसवीत, ही गोष्ट हेन्री फोर्डच्या कारखान्याने हेरली आणि १९२५ साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकावयास काढली. तेव्हापासून या वाहनाचा साचा ठरून गेला तो असा की, पुढे माणसे, मागे माल, मालाखाली पाट्यांच्या कमानींवर तोललेला अखंड आस, आणि पुढच्या इंजिनाची शक्ती त्या आसापर्यंत नेणारा लांबलचक शाफ्ट. पुढल्या पिढ्यांत हा साचा जसजसा लांब आणि वेगवान होत गेला तसतशी त्याची एक खोड उघडी पडली. ही गाडी बांधली जाते ओझ्यासाठी आणि धावते निम्मा वेळ रिकामी. भरल्या गाडीचा मागचा आस वर सरकतो, रिकाम्या गाडीचा खाली राहतो. त्यासरशी शाफ्टाचा कोन बदलतो, आणि कालपर्यंत निमूट धावणारी गाडी माल उतरताच कापू लागते किंवा माल चढताच कापू लागते. मोटारीच्या मालकाला ‘गाडी कधी थरथरते?’ एवढे विचारून भागते. पिकअपच्या मालकाला मात्र ‘भरलेली की रिकामी?’ हेही विचारावे लागते.

या कोनाच्या प्रकरणाची कुळकथा मोटारीहून फार जुनी आहे. दोन शाफ्ट एका रेषेत नसताना एकाची गती दुसऱ्याला देणारा जो सांधा आपल्याकडचे मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणून ओळखतात, त्याला युरोपात सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो याचे नाव चिकटले आहे. वास्तविक कार्दानोने वर्णन केले ते कड्यांत कडी अडकवून वस्तू सरळ टांगून ठेवण्याच्या योजनेचे. फिरत्या शाफ्टाचा सांधा म्हणून त्याचे पद्धतशीर विवेचन केले ते लंडनच्या रॉबर्ट हुकने, १६७६ साली, सूर्यदर्शनाच्या उपकरणांवरील आपल्या निबंधात. हुकच्या ध्यानात असे आले होते की, सांधा वाकलेला असला म्हणजे पहिला शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असूनही दुसरा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडा पुढे धावतो आणि दोनदा थोडा मागे रेंगाळतो. त्याला या दोषातही गुण दिसला. छायायंत्राच्या तबकडीवरील तासांची विषम विभागणी नेमकी याच नियमाने होते, म्हणून त्याने सांध्याचा संबंध छायायंत्राशी जोडला. परंतु अडीचशे वर्षांनी तोच दोष मोटारीच्या पोटाखाली येऊन बसला तेव्हा त्यात कोणालाही गुण दिसला नाही. तीन अंशांच्या कोनात ही चढउतार शेकडा एकाच्या सातव्या हिश्श्याइतकी, म्हणजे नगण्य असते. दहा अंशांच्या कोनात ती शेकडा दीडवर जाते, आणि मिनिटाला ३,००० फेरे घेणारा शाफ्ट प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा २,९५४ आणि ३,०४६ यांच्या दरम्यान हेलपाटे घालू लागतो.

यावर उतारा एकच, आणि तो म्हणजे दुसरा तसाच सांधा. शाफ्टाच्या दोन्ही टोकांना क्रॉस असावेत, दोहोंचे कोन सारखे असावेत, आणि शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे, क्रॉसला धरणारे चिमटे एकाच पातळीत असावेत, म्हणजे पहिल्याने केलेला घोटाळा दुसरा निस्तरतो. या तीन अटींपैकी तिसरी सर्वांत साधी आणि तीच सर्वांत अधिक वेळा मोडली जाते. शाफ्टाचे दोन तुकडे दातेरी सरकत्या जोडात एकमेकांत बसतात. क्रॉस बदलण्याकरिता ते उपसून काढले आणि परत घालताना एक-दोन दात्यांचा फरक पडला की चिमट्यांची पातळी बिघडते. म्हणून जाणता मिस्त्री शाफ्ट सोडविण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही अंगांवर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवतो आणि परत जोडताना रेघेला रेघ मिळाल्यावाचून बोल्ट आवळीत नाही. ज्याने ती ओढली नाही त्याने नवा क्रॉस घालून गाडी परत दिली, आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक कापू लागली, अशी प्रकरणे प्रत्येक गॅरेजच्या दप्तरी आढळतील. नवा क्रॉस नकली होता, असा त्यावर बहुधा फैसला होतो.

कोनाच्या जोडीला लांबीचेही एक प्रकरण आहे आणि त्याचा जन्म गिरण्यांत झाला. स्कॉटिश पंडित रँकिन याने १८६९ साली फिरत्या शाफ्टाच्या केंद्रोत्सारी बलावर एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात असे मांडले की, प्रत्येक शाफ्टाला वेगाची एक मर्यादा असते व तिच्यापलीकडे तो स्थिर फिरूच शकत नाही. रँकिनच्या नावाचा दबदबा असा होता की पुढे कित्येक वर्षे यंत्रकार त्या मर्यादेच्या आतच घुटमळत राहिले. तिकडे स्वीडनमध्ये गुस्ताफ द लावाल याने १८८०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक आणि लवचीक शाफ्ट बसविला, मर्यादेचा वेग झपाट्याने ओलांडला, आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत यंत्र फिरवून दाखविले. मर्यादेच्या पलीकडे शाफ्ट उलट अधिकच शांत होतो, हे जगाच्या निदर्शनास आले. रँकिनचे मूळ निरीक्षण चुकीचे नव्हते. त्याने त्यावरून काढलेला मनाई हुकूम तेवढा चुकीचा होता. १८९४ मध्ये डंकर्ली याने प्रयोगांनिशी या घातक वेगाचे गणित बसविले, आणि १९१९ मध्ये जेफकॉटने तो ओलांडल्यावर शाफ्ट का निवळतो याचा उलगडा केला.

पिकअपच्या दृष्टीने या साऱ्या वादातील एकच कलम महत्त्वाचे आहे, आणि ते असे की शाफ्टाची लांबी दुप्पट केली तर त्याचा घातक वेग चौपटीने खाली येतो. हौदा वाढला की दोन आसांतील अंतर वाढते, अंतर वाढले की शाफ्ट वाढतो, आणि मग हमरस्त्याच्या रोजच्या वेगातच तो दोरीवरच्या उडीच्या दोरीप्रमाणे पोटात फुगू पाहतो. लावालने केला तसा वेग ओलांडण्याचा उपाय येथे चालत नाही, कारण गाडीला सर्वच वेगांत राहावे लागते. म्हणून शाफ्टाचे दोन तुकडे करून मध्ये चासीला टांगलेले, रबरी कड्यात बसविलेले सेंटर बेअरिंग देण्याची तजवीज झाली. लांबीचा प्रश्न मिटला. पण एक क्रॉस वाढला, एक कोन वाढला, आणि झिजणारे रबरी कडे नव्याने पदरात पडले.

मोटारीत शाफ्ट आला तोच मुळी उशिरा. पहिल्या गाड्यांपैकी पुष्कळशा साखळीवर चालत, आणि साखळी एवढा खडखडाट करी की कंपाची निराळी फिर्याद करण्यास कोणाला सवडच नसे. क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या विद्यार्थ्याने कॉर्नेल विद्यापीठात असताना शाफ्टावर चालणारी गाडी तयार केली, १९०३ मध्ये आपल्या सांध्याचे पेटंट मिळविले, आणि १९०४ साली न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे तो सांधा बनवून विकण्याचा धंदा मांडला. पुढे ‘डेना’ या नावाने प्रसिद्ध पावलेला कारखाना तो हाच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत शाफ्ट एका नळकांड्यात बंद असे व सांधा पुढे एकच असे. परंतु पाट्यांवरच आसाचा सारा जोर सोडणारी आणि शाफ्ट उघडा ठेवणारी दुसरी पद्धत स्वस्त व हलकी असल्याने मालवाहू गाड्यांत तिचा पगडा बसला. या पद्धतीत जोर लावताच पाटे पिळवटतात, आसाचे नाक वर उचलले जाते, आणि गाडी सुटताना पहिल्या दहा-वीस हातांत एक हुडहुडी भरते. ही हुडहुडी वेग येताच नाहीशी होते, एवढ्यावरूनच अनुभवी माणूस ती चाकाची नव्हे, कोनाची, हे ओळखतो.

परंतु ओळखणे म्हणजे मोजणे नव्हे. कंपाच्या तपासाला शास्त्राचे रूप ज्या एका गोष्टीने आले ती माझ्या मते सांध्याच्या किंवा शाफ्टाच्या इतिहासात नसून हँबुर्गच्या गोदीत आहे. आगबोटींचे भलेदांडगे पोलादी शाफ्ट भर समुद्रात, दिसण्याजोगे काही कारण नसताना तुटत असत. त्या गोदीतील इंजिनिअर हेर्मान फ्राम याने १९०२ मध्ये आपल्या मापनांच्या आधारे दाखविले की, इंजिनाच्या हिसक्यांची संख्या आणि शाफ्टाच्या स्वाभाविक पीळकंपांची संख्या जुळली म्हणजे लहानसा हिसकाही साठत साठत शाफ्टाचा घात करतो. याच फ्रामच्या नावाने ओळखले जाणारे एक साधे उपकरण आहे. निरनिराळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांची एक रांग, पेटीच्या पात्यांसारखी, एका चौकटीत बसवितात. चौकट कंप पावणाऱ्या वस्तूवर टेकवली की ज्या पट्टीची स्वाभाविक कंपसंख्या त्या कंपाशी जुळते तीच थरथरू लागते, बाकीच्या स्तब्ध राहतात. कोणती पट्टी हलली ते पाहावे आणि आकडा वाचावा. वीजघरांतून हे उपकरण नित्याचे झाले, आणि कित्येक दशकांनी अमेरिकन मोटार कंपन्यांनी ते गॅरेजमधील कारागिराच्या हाती देऊन गाडीच्या आसनावर व स्टेअरिंगच्या खांबावर टेकवावयास शिकविले.

त्या आकड्याची करामत अशी की, तो थेट भागाचे नाव सांगतो. पिकअपचे चाक पाऊण मीटर व्यासाचे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगात ते सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. मागच्या आसाचे प्रमाण ३.७३ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सुमारे ४४ फेरे घेतो, आणि क्रॉसचा दोष फेऱ्याला दोनदा प्रकट होत असल्याने त्याचा कंप ८८चा असतो. बाराचा कंप चाकाचा, चव्वेचाळीसचा शाफ्टाच्या तोलाचा, अठ्ठ्याऐंशीचा कोनाचा किंवा झिजलेल्या सांध्याचा. आणि हे तीन आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की उपकरण नसले तरी शिकलेले अंग त्यांत भेद करू शकते. बाराचा कंप हातांना हिसक्यांसारखा वाटतो, चव्वेचाळीसचा तळपायांना मुंग्यांसारखा, आणि अठ्ठ्याऐंशीचा तर अंगापेक्षा कानालाच घुमणाऱ्या सुरासारखा लागतो. जुने मिस्त्री ‘ही चाकाची नाही, शाफ्टाची आहे’ असे क्षणात म्हणत, त्यात चमत्कार काही नव्हता.

चाकांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत पिकअपचे विशेष असे थोडे आहे. १९२३च्या सुमारास कमी दाबाचे फुगीर टायर प्रचारात आले, पुढच्या चाकांना ब्रेक बसू लागले, आणि त्याबरोबर पुढची चाके ठराविक वेगात डावी-उजवीकडे वेड्यासारखी फडफडू लागली. फ्रान्समध्ये ब्रुलिये याने १९२५ साली या व्याधीवर लिहिले. अमेरिकेत रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने दोन्ही पुढची चाके स्वतंत्र टांगून तिचे मूळच उपटले, आणि १९३४च्या गाड्यांत ती योजना आली. पिकअपवाल्यांना मात्र तिची वाट पाहावी लागली. शेवरोलेटने मालवाहू गाड्यांना स्वतंत्र पुढची चाके दिली ती १९६० साली. तोल मोजण्याची यंत्रे जर्मनीत डार्मस्टाट येथे १९०८पासून बनत होती, परंतु ती टर्बाइनांसाठी. चाकाच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकण्याची चाल पुढे इतकी रुळली की प्रत्येक कंपावर प्रथम चाकांचा तोल पाहावयाचा, असा रिवाज पडला. रिवाज वाईट नाही. स्वस्त आहे, आणि दहांतून सहा-सात वेळा लागूही पडत असावा. पण वाकडी झालेली रिम किंवा एका बाजूने कठीण झालेले टायर शिशाने सरळ होत नाही.

१९३१ साली क्रायस्लरने आपल्या प्लिमथ गाडीचे इंजिन रबरी आधारांवर तरंगते ठेवले आणि चार सिलिंडरांची ओबडधोबड थरथर माणसांपर्यंत पोहोचेनाशी केली. प्रवाशांचे सुख वाढले यात शंका नाही. तपास करणाराचे काम मात्र त्या दिवसापासून दुप्पट झाले, असे मला वाटते. कारण कंप आता दोन कारणांनी जाणवू लागला, एक तो नव्याने उपजला म्हणून, आणि दुसरे तो पूर्वीपासूनच होता पण त्याला अडवणारे रबर फाटले म्हणून. दुसऱ्या प्रकारात भागांमागून भाग बदलले जातात आणि प्रत्येक भाग निर्दोष निघतो.

आपल्या मुलखात ही विद्या पुस्तकांतून आली नाही, पेट्यांतून आली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जुळवून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्करी डिस्पोजलमधून निघालेले डॉज आणि शेवरोलेट ट्रक व जीपा व्यापाऱ्यांच्या हाती पडल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. जीपला चारही चाकांची ओढ असल्याने तिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन शाफ्ट आणि चार क्रॉस, म्हणजे हात बसण्यास शाळाच. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली बेडफर्ड गाडी सुटली आणि तिच्या मागोमाग जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यशाळा उभ्या राहिल्या. त्यांत उमेदवारी करून बाहेर पडलेल्या पोरांनी नाक्यानाक्यावर आपापली गॅरेजे थाटली. ‘क्रॉस गेला’, ‘शाफ्ट आऊट आहे’, ‘बेअरिंगला प्ले आलाय’, ‘पाटा बसला’ ही परिभाषा त्यांनीच घडविली आणि ती आजही तशीच चालते. लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या कवचावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून आतली घरघर ऐकण्याची रीतही त्यांचीच पिढी पुढच्या पिढीला देत आली. चाकांच्या तोलाचे महत्त्व मात्र येथे उशिरा कळले. तो या मिस्त्रींचा दोष नव्हे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठच्या वेगात चाक सेकंदाला सहा-सातच फेरे घेते, आणि अखंड आसाला त्याच्या पाट्या-टायरांसह उसळायला लावणारा आकडा साधारणपणे दहा ते पंधराच्या दरम्यान असतो. १९८८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटांची २०६ पिकअप बाहेर पडली, २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि तो आकडा गाठण्याइतका वेग भाजीच्या गाडीलाही सापडला. मग ‘नव्वदला थरथरते आणि एकशेदहाला निवळते’ अशा फिर्यादी गॅरेजांत येऊ लागल्या.

अशी फिर्याद आली म्हणजे पहिला सवाल वेगाचा की इंजिनाचा, हा. गाडी तक्रारीच्या वेगापर्यंत न्यावी आणि गिअर काढून मोकळी धावू द्यावी. थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटले; चाके, टायर, शाफ्ट आणि आस एवढेच संशयित उरले. थरथर गेली तर इंजिन, क्लच किंवा जोर पडल्यावर बदलणारा कोन. ही कसोटी टाळू नये, कारण ज्या गिअरात इंजिन आणि शाफ्ट यांचे फेरे सारखे असतात त्यात दोघांचे कंपही सारखेच निघतात आणि उपकरणालासुद्धा त्यांत फरक करता येत नाही. मग पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहावी. कंप स्टेअरिंगातून आसनाकडे सरकला तर दोष चाकाचाच, चौकशी संपली.

शाफ्टावर संशय पक्का झाल्यावर जी रीत अमेरिकन कंपन्यांच्या दुरुस्तीपुस्तिकांत छापली गेली ती खडूची आणि क्लिपांची. मागचा आस घोडीवर घेऊन चाके उतरवितात, गाडी वरच्या गिअरात तक्रारीच्या वेगाने चालवितात, आणि आडवा पडलेला कारागीर हात टेकवून खडूचे टोक शाफ्टाजवळ इतके हळू नेतो की शाफ्टाची बाहेर फेकली जाणारी बाजू तेवढी त्याला चाटून जावी. काम जिवावरचे आहे. मफलर, सैल बाही, साखळी, काहीही अंगावर असता कामा नये. शाफ्ट थांबल्यावर खडूची रेघ जेथे दिसेल ती जड बाजू. तिच्या नेमके समोर दोन जुबिली क्लिपा शेजारी शेजारी आवळावयाच्या, दोहोंचे स्क्रू एका रांगेत. पुन्हा गाडी फिरवावयाची. कंप उलटून वाढला तर भर अधिक झाली असे समजून दोन्ही स्क्रू एकमेकांपासून सारख्या अंतराने थोडे थोडे फाकवीत जावयाचे. स्क्रू एकत्र असताना त्यांचे वजन पुरते लागू पडते, समोरासमोर गेले की शून्य होते, आणि या दोहोंच्या मध्ये कोठे तरी शाफ्ट निवळतो. इलेक्ट्रॉनिक कंपमापके आली तेव्हा खडूची जागा प्रकाशाच्या झोताने घेतली आणि पट्ट्यांच्या चौकटीची जागा चमकत्या आकड्यांनी. क्लिपा मात्र राहिल्या, कारण वजन कोठे हवे हे यंत्र सांगते, ते तेथे बसविण्यासाठी काही तरी लागतेच. आणि पाण्याच्या रबरी नळीसाठी १९२१ साली एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने पेटंट घेतलेली ती क्लिप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात चार पैशांत मिळते.